म्हाळोजी गवंडी याने वारा पाहून संकटचौकी बांधिली त्याची हकीकत

श्रीच्या कृपेची सावली सर्वांवर असो. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सर, ते वर्षापासून जे घडले ते जैसे थोरांच्या मुखे ऐकिले तैसे लिहितो. एक राज्य होते, आणि त्या राज्यात ओढ्याकाठच्या माळावर तोफांच्या दारूचा मोठा कारखाना होता, आणि तेथे दोनशे बारा माणसे सोरा गाळीत, कोळसा कुटीत, गंधक चाळीत. त्या साली चैत्रमासी कुटणघरात ठिणगी पडली आणि भडका उडाला, आणि पाण्याचा हौद कुटणघराच्या भिंतीसच लागून होता म्हणून हौदापाशी कोणास जाववेना, आणि घागरी ठेविल्या होत्या त्यांवर छप्पर कोसळले. जीव कोणाचा गेला नाही, परंतु सात माणसे होरपळली. त्या सातांत म्हाळोजी गवंडी एक होता. भिंत लिंपावयास आला होता, तो माणसे ओढून काढिता काढिता डावा कान भाजून बसला. वर्तमान कळताच महाराज फार कष्टी जाहले, आणि आज्ञा जाहली की संकटसमयी कामास यावी ऐशी चौकी कारखान्यास बांधावी, तेथे पाणी, वाळू, ओली घोंगडी आणि वैद्य सदा सिद्ध असावे.

दिवाण निळोपंत यांनी आठ दिवसांत चित्र काढविले. थोरल्या दरवाजालगत चौकी, तिजला नक्षीचे सज्जे, वर मोर. मग बांधावयास म्हाळोजीस बोलाविले. म्हाळोजी कामात वाघ, परंतु दरबारात बोलावयाचे म्हणजे त्याची जीभ टाळूस चिकटे. त्याने चित्र पाहिले, कान चोळिला आणि म्हणाला, "एक वरीस द्यावं, सरकार." निळोपंत चकित होऊन म्हणाले, "वर्षभर करणार काय?" म्हाळोजी म्हणाला, "वारा बघीन." सभा हसली. महाराज मात्र हसले नाहीत. म्हणाले, "याचा कान भाजला आहे, यास वर्ष द्या."

मग म्हाळोजीने माळावर सात ठिकाणी वेळू रोविले आणि त्यांस चिंध्या बांधिल्या, आणि रोज तीन वेळ चिंधी कोणीकडे फडफडते ते कोळशाने भिंतीवर मांडिले. वारा बहुत करून पश्चिमेचा, आणि थंडीत ईशान्येचा, ऐसे निघाले. आणि मागील भडक्यात कौले कोठवर उडाली ती जागा शोधून पावले मोजिली, ती तीनशे चाळीस भरली. आणि कोळसा कुटणाऱ्या बायांची म्होरकी साळूबाई, तिजपाशी बसून पुसिले, "बाई, आग लागली तर तुम्ही पळाल कुठनं?" ती बोलिली, "पळतोय कुठनं! दरवाजा आत उघडतो, गड्या. शंभर माणसं मागनं रेटली की पुढचीला तो वढताच येत न्हाई. मागल्या खेपेला माझंच नाक त्यावर घासलं." म्हाळोजी हे ऐकून उठला आणि स्वतः दरवाजा ओढून पाहू लागला, कारण तो त्याच्याच बापाने बसविला होता.

वर्ष भरले तेव्हा दरबारात म्हाळोजीने मातीचा कारखाना करून मांडिला, आणि निळोपंतांची मोरांची चौकीही हुबेहूब करून दरवाजापाशी ठेविली. तोंडाने काही बोलवेना म्हणून कुटणघराच्या जागी धूप पेटविला आणि पश्चिमेकडून पंख्याने वारा घातिला. धूर निघाला तो मोरांस गिळून थेट निळोपंतांच्या नाकात गेला, आणि पंत इतके खोकले की पागोटे मांडीवर आले. मग म्हाळोजीने ईशान्येकडून वारा घातिला, आणि वायव्येस ओढ्यापलीकडच्या टेकाडावर एक ठेंगणी, जाड भिंतीची चौकी ठेविली होती, तिजला दोन्ही खेपेस धूर शिवला नाही. महाराज आसन सोडून भुईवर येऊन बसले आणि स्वहस्ते पंखा घेऊन त्या दोन्ही दिशांनी वारा घालून पाहिला, आणि प्रसन्न होऊन म्हणाले, "हीच बांधा." निळोपंत डोळे पुशीत म्हणाले, "मोर तरी ठेवा." म्हाळोजी म्हणाला, "एक ठेवतो, पंत."

मग चौकी जाहली. पावले पाचशे अंतरावर, विहीर तिची स्वतःची, वाटा दोन, एक पुलावरून आणि एक उत्तरेच्या उतारावरून. आणि कारखान्याचे सर्व दरवाजे बाहेर उघडतील ऐसे केले. आणि आत जाणाऱ्या प्रत्येकास नावाचा लाकडी बिल्ला, तो संकटसमयी चौकीच्या फळीवर आणून टांगावा, म्हणजे कोण आले आणि कोण राहिले ते एका नजरेत कळावे. दर महिन्यास शिंग वाजवून पळण्याची तालीम होई. पहिल्या तालमीस निम्मी माणसे भाकरी आणावयास परत फिरली. साळूबाईने त्यांस ऐसे शब्द सुनाविले की ते येथे लिहिणे बरे नव्हे, आणि चौथ्या तालमीस दोनशे बारा माणसे पाव घटकेत पार जाहली.

शके सोळाशे ब्याण्णव, वैशाखमासी, भर दुपारी महाराज निळोपंतांसह कारखाना पाहावयास आले असता चाळणघरात धूर दिसला. शिंग वाजले. दरवाजे बाहेर उघडले आणि माणसे रांगेने पूल पार गेली, आणि महाराजही गेले. तेथून ते आग पाहावयास वळले तो साळूबाई आडवी आली. "म्हाराज, आधी बिल्ला टांगा. मोजणी झाल्याबिगर कुणी हलायचं न्हाई." महाराजांनी बिल्ला टांगिला आणि रांगेत उभे राहिले. फळीवर एक खिळा मोकळा राहिला, तो निळोपंतांचा.

म्हाळोजी चौकीवरच होता, तो थांबला नाही. दोन पाणके आणि ओली घोंगडी घेऊन उत्तरेच्या वाटेने उतरला, कारण त्या बाजूस धूर नव्हता. पंत चाळणघरामागे पाय मुरगळून पडले होते. म्हणाले, "म्हाळोजी, तू जा रे, मजमुळे मरू नको." म्हाळोजी म्हणाला, "गप बसा अन् मान घट्ट धरा." त्यांस पाठुंगळी घेऊन तो उतार चढला, आणि टेकाडावर पोहोचतो न पोहोचतो तो आग कुटणघरास भिडली आणि ते उडाले. धरणी हालली, कौले आकाशी गेली आणि अवघी ओढ्यात पडली. चौकीवर एक खापरीही आली नाही. पंतांनी बिल्ला टांगिला, आणि साळूबाई ओरडली, "भरली फळी!" तेव्हा जो गलका उठला तो चार गावे ऐकू गेला. म्हाळोजी मात्र भिंतीस टेकून मुकाट रडला.

महाराजांनी पुसिले, "काय मागतोस?" त्याने सर्वांस तीन दिवस रजा आणि पुरणपोळीचे जेवण मागितले. दिधले. जेवणानंतर बायांनी चौकीच्या अंगणात फुगड्या घातल्या, आणि साळूबाईने महाराजांचे हात धरून त्यांसही गरगर फिरविले, आणि निळोपंत सुजला पाय पाटावर ठेवून टाळ्यांनी ताल धरीत होते.

एवंच, कारखाना गेला तो दुसऱ्या वर्षी पुन्हा उभा राहिला. माणसे गेली नाहीत, म्हणून उभा राहिला. पुढे त्या राज्यात जेथे जेथे धोक्याचे काम निघे, तेथे पहिला वेळू रोवावयास म्हाळोजीस पालखी जाई, आणि तो पालखीत न बसता तिजपुढे चालत जाई, वाऱ्याकडे तोंड करून. इतके घडले, इतके लिहिले. ऐकणारा सुखरूप घरी पोहोचो.