मोहिनी पॅटर्न

डोंगरपिंप्रीच्या जिल्हा परिषद शाळेत तिसरीत शिकणाऱ्या मोहिनीला ऐकू येत नाही, ही बाब गावात सगळ्यांना माहीत होती. म्हणूनच ही बाब शाळेच्या कुठल्याही कागदावर नोंदलेली नव्हती.

अंबाजोगाईच्या शिबिरात डॉक्टरांनी पोरीच्या कानाला घटकाभर मशीन लावून पाहिलं होतं. बाहेर कुणाचा तरी मोबाईल वाजला आणि मोहिनी दचकून दाराकडे वळली. मग आईकडे बघून अशी हसली की कडूबाईला तिथंच रडू फुटलं. डॉक्टर म्हणाले, "मशीन योजनेतून मिळेल. पोरीला ऐकू येत नाही असं शाळेचं पत्र तेवढं आणा. आणि पुढच्या शिबिराला चुकवू नका, नाहीतर वर्षभर थांबावं लागेल."

एका सहीचं काम! मोहिनीचा बाप सिदू मेंढरं घेऊन गोदाकाठी गेलेला. कडूबाई एकटीच निघाली आणि शाळा भरायच्या आधीच पायरीवर जाऊन बसली.

मुख्याध्यापक उत्तरेश्वर गुरुजी माणूस वाईट नव्हते. वाईट असते तर दोन शिव्या हासडून सही करून मोकळे झाले असते. पण गुरुजी भले होते आणि त्यातून नुकतेच प्रशिक्षण घेऊन आले होते. शाळेत आता 'आनंददायी वर्तन धोरण' लागू झालं होतं. त्यात छडी बंद, ओरडणं बंद. त्याऐवजी प्रत्येक पोराला वर्तनाचे गुण द्यायचे. विचारल्याशिवाय न बोलणे, मागे वळून न पाहणे, गोंगाटाने विचलित न होणे आणि शिक्षकांना उलट प्रश्न न विचारणे, असे त्याचे निकष होते.

"कडूबाई, तुम्ही काय मागताय ते कळतंय का तुम्हाला?" गुरुजी म्हणाले. "पोरगी तालुक्यात पहिली आलीय!"

"कशात?"

"वर्तनात. शंभरपैकी शंभर. वर्गात एक शब्द बोलत नाही, मागं बघत नाही. असं वळण सांगून येत नसतं."

"गुरुजी, तिला ऐकू येत न्हाई."

गुरुजींनी घाईने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "असं म्हणायचं नाही आता. समावेशक शिक्षण आहे. कुणात काही कमी आहे असं म्हणणं हाच भेदभाव. मोहिनी श्रवणस्वायत्त आहे."

"म्हंजी?"

"म्हणजे तिला ऐकायची गरज पडत नाही."

आता बोला! कडूबाई सही आणायला गेली आणि नारळ, गुलाबाचं फूल अन् आदर्श वर्तनाचं प्रमाणपत्र घेऊन घरी आली. प्रमाणपत्रावर मात्र गुरुजींची सही ठसठशीत होती.

प्रकरण इथंच थांबलं असतं. पण आदर्श म्हटला की तो बघायला साहेब येतातच. वर्तन समन्वयक आदिनाथ साहेब जीपमधून उतरून वर्गात जाऊन बसले, आणि नेमकी त्याच वेळी रस्त्यावरून लग्नाच्या डीजेची गाडी निघाली. खिडक्यांची तावदानं थडथडली, फळ्यावरचा खडू खाली पडला. सगळी पोरं खिडकीला लोंबकळली. एकटी मोहिनी आपल्या जागी बसून वहीत मेंढरू काढत होती. पोरगी 'श्रवणस्वायत्त' आहे असं गुरुजींनी हळूच सांगितलं आणि साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"गुरुजी, हा पॅटर्न आहे," ते म्हणाले.

आपल्याकडे कुठलीही गोष्ट जरा नावारूपाला आली की तिचा पॅटर्न होतो, आणि पॅटर्न झाला की तो सगळ्यांना लागू होतो. साहेबांनी जागेवरच विचार मांडला. वर्गात एकीला ऐकू येत नाही आणि बाकीच्यांना येतं, ही सरळसरळ विषमता आहे. ती दूर करायचे मार्ग दोनच. एकीला ऐकू यायला लावायचं, किंवा बाकीच्यांचं ऐकणं थांबवायचं. पहिल्या मार्गाला मशीन लागतं आणि मशीनला वरची मंजुरी लागते. दुसऱ्या मार्गाला नुसता कापूस लागतो. अन् कापूस तर देवाच्या दयेने गेवराईकडे घरोघरी पडून होता, भावाची वाट बघत.

झालं! दुसऱ्या दिवसापासून प्रार्थनेनंतर प्रत्येक पोराच्या दोन्ही कानांत बोळे घालण्यात येऊ लागले. समावेशन पूर्ण झालं.

शाळा अशी शांत झाली की छपरावरची कबुतरं घाबरून उडून गेली. घंटा कुणाला ऐकू जाईना, म्हणून गुरुजी स्वतः दारात उभं राहून उपरणं हलवायचे, तेव्हा पोरं घरी जायची. शुद्धलेखनाच्या तासाला गुरुजी सांगायचे एक आणि पोरं लिहायची दुसरंच, पण लिहिताना चकार शब्द काढत नव्हती. वर्तनाचा निकाल शंभर टक्के लागला. बीडच्या पेपरात फोटो आला, 'शांत शाळा, संस्कारी मुलं'. पालकही खूश. त्यातल्या छबुबाईने तर सासूच्या बोलण्यावर उतारा म्हणून स्वतःसाठी दोन बोळे मागून नेले.

नाखूश होती एकटी कडूबाई. शिबिर जवळ येत चाललं होतं. ती पुन्हा शाळेत गेली.

"गुरुजी, माझी लेक काय मुकी न्हाई. मेंढरांच्या वाड्यावर या एकदा. अशी हाळी देती की पल्याडच्या रानातलं मेंढरू माघारी फिरतंय. हितं बोलत न्हाई, कावून की हितं तिच्याशी कुणी बोलतच न्हाई. मशीन लागलं तर शिकंल ओ ती! तुमी लिहा ना, ऐकू येत न्हाई म्हणून."

गुरुजींना खरंच वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून नियम बदलत नसतो. "बाई, शिफारस फक्त वर्तनबाधित बालकाची करता येते. गुण चाळीसच्या खाली पाहिजेत. शंभर गुणांच्या पोरीला अडचण आहे असं लिहिलं तर मलाच नोटीस येईल. आणि आता तर तिच्या नावाचा पॅटर्न आहे!"

"म्हंजी पोरीनं वांडपणा केला तर सही मिळंल?"

"तसं... धोरणात बसतं."

"मग आधीच सांगायचं की ओ गुरुजी!"

त्या दिवसापासून कडूबाईने लेकीला हातवारे करकरून बिघडवायला घेतलं. जगात आया पोरांना शहाणपण शिकवतात. ही माऊली चुलीपुढं बसून पाटी कशी आपटायची, शेजारणीची वेणी कशी ओढायची याचे धडे देत होती. मोहिनीला लई मजा वाटली. तिने शाळेत जाऊन पाटी आपटली. गुरुजींनी नोंद केली, 'लयीची उत्तम जाण.' तिने शेजारच्या सुकन्याची वेणी ओढली. नोंद झाली, 'स्पर्शातून संवाद.' तास चालू असताना ती सरळ उठून बाहेर गेली आणि चिंचेवर चढून बसली. नोंद झाली, 'निसर्गाकडे स्वयंप्रेरित वाटचाल.' एकदा माणूस आदर्श ठरला की त्याला बिघडायचीसुद्धा सोय राहत नाही. गुण शंभरचे शंभर!

कडूबाईने कपाळावर हात मारून घेतला. "अगं माझे आई, तुला वाईट व्हायलाबी जमंना का?"

शेवटी शिबिराच्या आदल्या दिवशी वरून तपासणी पथक आलं. मंडप पडला, हार आले. पथकाच्या प्रमुख मॅडम कापूस न घालता बसल्या होत्या, कारण शांतता ऐकायला कान मोकळे लागतात. आदिनाथ साहेबांनी विनंती केली, "मॅडम, आता फक्त एक मिनिट ही शांतता अनुभवा." सगळ्या पाहुण्यांनी डोळे मिटले. आणि पाहुण्यांच्या पाठीमागं उभ्या असलेल्या कडूबाईने दोन्ही हात तोंडाशी नेऊन लेकीला खूण केली: मेंढरं लांब गेलीत, बोलव.

मोहिनीने छाती भरून श्वास घेतला आणि दिली हाळी.

"हिर्ररर्र... हाऽऽऽऽय!"

मॅडमच्या हातातला चहा साडीवर गेला. मंडपाचा एक बांबू निसटला. माळावर चरणारी गावातल्या रामहरीची शेरडं उधळून मंडपात शिरली आणि पाहुण्यांचे हार खाऊ लागली. पोरांनी शेरडं बघून कानातले बोळे उपसले आणि एकच कल्ला केला. मोहिनीला ते ऐकू आलं नाही, पण सगळ्यांची तोंडं उघडी दिसली म्हणून तिने खुशीत आणखी एक हाळी दिली.

"काय प्रकार आहे हा? हेच का तुमचं वर्तन?" मॅडम कडाडल्या.

"मॅडम, त्यात शाळेचा दोष नाही," आदिनाथ साहेब घाम पुसत म्हणाले. "या मुलीला ऐकूच येत नाही!"

"मग हे आधी का नोंदवलं नाही? गुरुजी, लिहून द्या ताबडतोब!"

इतके दिवस जे लिहिणं हा भेदभाव होता, ते न लिहिणं हा आता हलगर्जीपणा झाला. गुरुजींनी उभ्या उभ्या कागद भरला. सही केली, शिक्का मारला, आणि घाईत दुसऱ्यांदाही मारला. कागद कडूबाईच्या हातात देताना भला माणूस हळूच म्हणाला, "जा बाई, उद्याची पहिली गाडी धर." कडूबाईला त्यांचा राग येईना आणि पाया पडवेना. तिने कागद चोळीत खुपसला आणि पोरीला उचलून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मशीन लागलं.

परतीच्या एसटीत मोहिनी खिडकीच्या पत्र्यावर बोट वाजवत होती आणि दर खेपेला चकित होत होती. मग तिला शोध लागला की एक आवाज आपल्या आतूनही येतो. "आ," ती म्हणाली. "आऽ! बाऽ!" स्वतःचा गळा धरून ती हसली आणि पुन्हा ओरडली. आठ वर्षांचं तुंबलेलं सगळं एका दिवसात बाहेर यायला निघालं होतं. कडूबाईचे डोळे वाहत होते, ती नुसती मान डोलवत म्हणत होती, "बोल माझे बाय, बोल."

मांजरसुंब्याचा फाटा मागं पडला. त्यानंतर पुढच्या सीटवरच्या एका सभ्य गृहस्थाने हातातला पेपर खाली केला, मागं वळून तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "ओ बाई, गप्प करा की त्या पोरीला! शाळेत काही वळण लावतात का नाही?"

मोहिनीला अर्थ कळला नाही. पण ऐकू आलं सगळं, अगदी स्वच्छ. परक्या माणसाने तिच्याविषयी काढलेले आणि तिला ऐकू आलेले आयुष्यातले हे पहिलेच शब्द. हसू ओठांवर धरून ती आईकडे बघत राहिली.

त्या गृहस्थाला नावं ठेवू नका. गाडीतल्या सगळ्यांच्या मनातलंच तो बोलला, म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. तुम्हीही होता की त्या गाडीत, पलीकडच्या खिडकीजवळ. मान हलवली होती तुम्ही.