काम रांगेत लागले आहे

काम होणे आणि काम स्वीकारले जाणे यांत जो फरक करतो, तो माणूस अजून सुधारलेला नाही. आमच्या नेत्र रुग्णालयाने हा फरक गेल्या वर्षी मिटवून टाकला.

पूर्वी रुग्णालयाच्या वेबसाइटवर शस्त्रक्रियेची तारीख मागितली की स्क्रीनवर चक्र फिरत बसे आणि माणूस त्याच्याकडे बघत बसे. (सरासरी चार मिनिटे. चक्कर आलेले वेगळे.) आता बटण दाबताच ‘धन्यवाद, आपले काम रांगेत लागले आहे’ असे उत्तर येते. काम मागच्या मागे होत राहते, माणूस आपल्या वाटेला लागतो. समाधानाचे प्रमाण शंभर टक्के. हा आकडा वेबसाइटने स्वतःच दिला आहे.

रांगेतली कामे एकेक उचलून उरकणारा प्रोग्रॅम वेगळा असतो. तो सुरू करायचा राहून गेला होता. पण हे कोणाच्या लक्षात येण्याची सोय नव्हती. रोज सकाळी सहाला ‘रांगेत किती कामे तुंबली ते मोजा’ हे काम आपोआप निघे आणि शिस्तीत रांगेच्या शेवटी जाऊन उभे राही. तक्रारीही तिथेच जात. अकरा महिन्यांत एकही तक्रार वर आली नाही, म्हणून संगणक विभागाचा सत्कार झाला.

एका निवृत्त शिंप्याने बायकोच्या मोतीबिंदूसाठी पहिल्याच आठवड्यात नाव नोंदवले होते. दर महिन्याला तो रुग्णालयाच्या चौकशीच्या खिडकीशी येई.

“बाई, एका डोळ्यानं काहीच दिसत नाही तिला. दुसऱ्यानं जेमतेम माझा निळा शर्ट ओळखते.”

“काका, रांगेत आहे ना? मग झालंच म्हणून समजा.”

खिडकीतली बाई हे मनापासून म्हणत असे. शिंपी मग रोज निळाच शर्ट घालू लागला.

शेवटी एकदा वीज गेली. ती परत आल्यावर तो प्रोग्रॅम आपसूक सुरू झाला आणि त्याने नऊ मिनिटांत सगळी रांग संपवली. शिंप्याने मागितलेली तारीख केव्हाच उलटली होती; आणि नियमानुसार, उलटलेल्या तारखेची शस्त्रक्रिया झालेली धरतात. त्याने मोबाइलवर आलेला मेसेज बायकोला वाचून दाखवला: ‘आपली शस्त्रक्रिया यशस्वी झाली आहे. कृपया अभिप्राय द्या.’

ती आवाजाच्या दिशेने वळून म्हणाली, “झाली असेल हो. मलाच दिसत नसेल.”

तुम्ही कशाला हसताय? सकाळी आईने तुम्हाला काहीतरी सांगितले, तुम्ही मोबाइलमधून मान वर न काढता “हो, करतो” म्हणालात. काय सांगितले होते, आठवतेय? ती अजून वाट बघते आहे.