परिचारिका सातची मान

मंगळवारी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मला वाटलं, सहज एकदा पुन्हा मोजून बघू. एवढंच. त्या 'सहज'नं माझा अख्खा आठवडा खाल्ला आणि माझं दोन किलो वजन उतरवलं. (वजन परत आलं. आठवडा नाही.)

मी वजनमापं तपासणाऱ्या खात्यात कारकून आहे. दुसऱ्यांनी घेतलेली मापं दिवसभर रजिस्टरात उतरवायची, आणि स्वतः मोजायची हौस घरी भागवायची. घरी बंद गॅलरीत माझं काचेचं कपाट आहे. त्यात विज्ञानमालिकांतल्या पात्रांच्या वीतभर-हातभर प्रतिकृती उभ्या आहेत : अवकाशयात्री, यंत्रमानव, तीन डोळ्यांचे सेनापती. 'बाहुल्या' हा शब्द आमच्याकडे फक्त बायको वापरते आणि मी तो ऐकला नाही असं दाखवतो. नवी प्रतिकृती बाजारात आली की ती मूळ पात्राशी किती जुळते, याचा निकाल मी देतो. आमच्या संग्राहक मंडळातली दोनशे माणसं त्या निकालाची वाट बघतात. मंडळात मला 'मिलिमीटर' म्हणतात. (पाठीमागे काय म्हणतात ते मोजता येत नाही.)

सोमवारी मी परिचारिका सातचा निकाल दिला होता. माझ्या लहानपणी अवकाशयानावरची एक मालिका लागायची. त्यातले प्रवासी शंभर वर्षं झोपलेले असायचे आणि त्यांची काळजी घ्यायची ही यंत्रपरिचारिका. मालिकेच्या टेपा केव्हाच गहाळ झाल्या. उरले फक्त अकरा धुरकट फोटो. यंत्राच्या पोशाखाआत कोण बाई होती, हेही कुणाला ठाऊक नाही. त्या विषयावर मी चार पानी लेख लिहिलाय, शीर्षक : 'हे रहस्य आता कधीच उलगडणार नाही.' एका शिल्पकार बाईंनी त्या फोटोंवरून प्रतिकृती घडवली आणि पहिला नमुना माझ्याकडे पाठवला. मी होकार दिला की त्या साच्यातून पाचशे निघणार होत्या. मी मोजलं. मान सरळ, शून्य अंश. दोन्ही खांदे एका पातळीत. ओठ मिटलेले. निकाल : निर्दोष. तशी चिठ्ठीही कपाटावर चिकटवली.

आणि मंगळवारी मान अकरा अंश डावीकडे वळलेली!

मी चष्मा पुसला. कोनमापक पुसला. अकराच.

"कपाटाला कुणी हात लावला?" मी घरात ओरडून विचारलं.

"किल्ली तुमच्या चष्म्याच्या डबीत असते," बायको आतून म्हणाली. "आणि हात लावायला वेळ कुणाला आहे?"

ते खरं होतं. ती दुपारभर पोस्टात काउंटरवर असते. घरात राहतात फक्त माझे सासरे. निवृत्त माणूस, पूर्वी दवाखान्यांना कवळ्या बनवून द्यायचे. जेवतात, वाचतात, झोपतात. नऊ वर्षांत आमचं संभाषण 'पंखा वाढवू का' आणि 'नको' याच्या पलीकडे गेलेलं नाही. उन्हानं प्लास्टिक वाकलं असेल, असं मी ठरवलं.

बुधवारी उजवा खांदा दोन मिलिमीटरनं खाली आला होता.

उन्हाला एकच खांदा कसा सापडेल? कपाट उघडल्यावर एक वास आला. गोडसर, झोंबणारा. या जगातला वाटेना, पण कुठेतरी घेतलेला होता, आणि घेतला तेव्हा मी घाबरलेलो होतो एवढं नक्की आठवत होतं. तिच्या पायाशी चिमूटभर गुलाबी भुकटी पडली होती. मी ती कागदात बांधून ठेवली. (पुरावा म्हणून. पुढे बायकोनं ती केरात टाकली.)

गुरुवारी तिचे ओठ उघडले होते.

फार नाही, अर्धा मिलिमीटर. आत वरचे दोन दात दिसत होते आणि त्यातला एक दुसऱ्यावर किंचित चढलेला होता. यंत्राला दात कशाला लागतात? अकरा फोटोंपैकी एकातही दात नव्हते. मी एक पाऊल बाजूला सरकलो. मान वळवून, उजवा कान पुढे करून, ती माझं ऐकत होती. मी काही बोलतच नव्हतो, तरी ऐकत होती. शेजारचा तीन डोळ्यांचा सेनापतीसुद्धा मला जरा मागे सरकल्यासारखा वाटला.

शुक्रवारी मी ऑफिसात एकाच तराजूची नोंद तीनदा केली. साहेब म्हणाले, "बरं नाही का?" मी म्हणालो, "साहेब, वस्तू आपणहून बदलू शकते का?" साहेब म्हणाले, "खात्यात तरी नाही."

रविवारी दोघांनाही सुट्टी होती. सकाळी दहा वाजता, लख्ख उजेडात, मी बायकोला गॅलरीत घेऊन गेलो.

"हे बघ. हसू नकोस. ही बदलतेय."

ती हसतच आली होती. कपाटाशी वाकली आणि तिचं हसू गेलं. तिनं काचेवर हात ठेवला.

"आई," ती म्हणाली.

"काय?"

"ही आई आहे. आई अशीच उभी राहायची."

सासूबाई बायको सात वर्षांची असताना गेल्या. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. घरात त्यांचा एकच फोटो आहे, लग्नातला, त्यात त्यांनी मान खाली घातली आहे. बायको डोळे पुसत आत गेली, आणि गॅलरीत उरलो मी आणि त्या.

माणूस अशा वेळी काय करतो ते मला माहीत नाही. मी शर्ट खोचला. पायातल्या चपला काढल्या. सोमवारी मी त्यांच्या कमरेचं माप घेतलं होतं, हे आठवून कानशिलं तापली.

"माफ करा," मी हळूच म्हणालो. "ओळख नव्हती." मग धीर करून विचारलं, "मी... हिला नीट सांभाळतोय ना?"

"पूर्वीपेक्षा बरं," आवाज आला.

मी हात जोडून खाली बसलो. वर पाहिलं तर दारात सासरे उभे, हातात बारीक कोरणी आणि गुलाबी मेणाचा गोळा.

"घाबरू नका, जावईबापू. डावा खांदा राहिलाय जरा. तेवढा करू का?"

तेव्हा तो वास मला आठवला. दाताच्या दवाखान्यातला, कवळ्यांच्या मसाल्याचा.

"तुम्ही? पण कपाटाला कुलूप आहे!"

"किल्लीचा मेणात ठसा घेतला. चाळीस वर्षं लोकांच्या जबड्यांचे घेतले, किल्ली तर तोंड मिटत पण नाही."

बायकोही धावत आली. मग सासरे गॅलरीतल्या स्टुलावर बसून बोलले. नऊ वर्षांत बोलले नव्हते तेवढं बोलले. त्या मालिकेसाठी मुखवटा बनवायचा होता. चेहऱ्याचा साचा नीट कोण घेईल, तर कवळीवाला, म्हणून त्यांना बोलावलं होतं. मुखवट्याचा फक्त वरचा भाग कडक होता. ओठ आतल्या बाईचेच. ठरलेली नटी त्या पत्र्याच्या पोशाखात गुदमरायची. सासूबाई नवऱ्याचा डबा घेऊन स्टुडिओत गेल्या होत्या. अंगानं लहान, आणि तासभर हलायच्या नाहीत. त्यांनाच आत उभं केलं. उरलेले अकरा फोटो मात्र त्याआधीचे, त्या नटीचे.

"डाव्या कानानं ऐकू यायचं नाही तिला," सासरे म्हणाले. "दिग्दर्शक काय ओरडतोय ते कळावं म्हणून उजवा कान पुढे करायची. लोकांना वाटायचं, यंत्र विचार करतंय."

बायको त्यांच्या गुडघ्याला धरून जमिनीवर बसली. "बाबा, मला कधी सांगितलं नाहीत."

"तू लहान होतीस. नंतर सांगायला गेलो की पेपर उघडून बसायचो. सोमवारी काचेतून ही दिसली. सरळ मान, मिटलेलं तोंड. जावईबापूंनी वर 'निर्दोष' लिहिलेलं. मला बघवेना."

"मला विचारायचं होतं," मी म्हणालो.

"मागे एकदा मी यातल्या एकाची धूळ पुसली, तर तुम्ही तीन दिवस माझ्याशी बोलला नव्हतात. म्हणजे नेहमीही बोलत नाही, पण ते तीन दिवस कळत होतं."

मला माझा तो चार पानी लेख आठवला. तो लिहिताना मी ज्या भिंतीला पाठ टेकवून बसलो होतो, तिच्या पलीकडेच त्यांची खाट होती.

त्याच दुपारी मी मंडळाला कळवलं : माझा निकाल चुकला. मान चुकली, खांदा चुकला, आणि 'कधीच उलगडणार नाही' हेही चुकलं. असं काही लिहायची ही माझी पहिलीच वेळ. बोट पाठवायच्या बटणावर बराच वेळ अडकलं होतं. तासाभरात शिल्पकार बाई स्वतः घरी आल्या. सासऱ्यांच्या मांडीशी बसून त्यांनी नमुना पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "साचा मी मोडते. आजोबा, नवा आपण दोघं करू." पुढे नव्या प्रतिकृतीच्या डब्यावर पहिल्यांदाच सासूबाईंचं नाव छापलं गेलं. बायको तो डबा पोस्टात घेऊन गेली आणि काउंटरवर येईल त्याला दाखवत सुटली.

मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात यंदा मुख्य परीक्षक म्हणून सासऱ्यांना बोलावलं. मलाही काम दिलं : त्यांच्यामागे दिवा धरून उभं राहायचं, आणि हलायचं नाही, कारण सावली हलते. मी मन लावून उभा होतो. दोन तासांनी एक वयस्कर बाई माझ्यासमोर थांबल्या. मला खालून वर निरखून त्यांनी सासऱ्यांना विचारलं, "हा पूर्णाकृती नमुना कुठल्या मालिकेतला हो?"

सासऱ्यांनी चष्मा सारखा केला आणि माझ्याकडे शांतपणे पाहिलं.

"आमच्या घरातला आहे," ते म्हणाले. "हात लावू नका. फिनिशिंग कच्चं राहिलंय."