व्याह्यांचा डबा आणि माझा डबा

चाळीस वर्षं मी मुलांना विज्ञान शिकवलंय. त्यामुळे शाळेच्या प्रदर्शनासाठी नातीला शेतातल्या काडीकचऱ्यापासून कुजणारा डबा करायचाय म्हटल्यावर मी लगेच जाहीर केलं, "माझ्या डाव्या हातचा मळ!"

"पण आबाही करणार आहेत," नात म्हणाली. "ज्यांचा डबा चांगला, ते माझ्याबरोबर टेबलापाशी उभे राहणार."

आबा म्हणजे तिच्या वडिलांचे वडील, माझे व्याही. निवृत्त फिटर. त्यांनी सायकलचं चाक सरळ केलं तर पोर आठवडाभर त्यांचे गोडवे गाते. मी गुरुत्वाकर्षण समजावलं तर जांभया देते. आता बोला!

आम्ही गव्हाचं काड बारीक कातरलं, मक्याच्या पिठाची खळ शिजवली, ग्लिसरीन घातलं, साच्यात दाबून वाळवलं. डबा झाला! दिसायला झिजलेल्या चपलेसारखा, पण झाला!

तेवढ्यात व्याही आले. त्यांचा डबा कसा गुळगुळीत, जणू नुकतीच दाढी केलेला!

"काही नाही हो, दोन तापल्या पत्र्यांत दाबला," म्हणाले.

नातीने त्यात पाणी ओतलं. थेंब गळेना! मग माझ्या डब्यात ओतलं. त्याने ते सगळं पिऊन टाकलं आणि तृप्त होऊन बसकण मारली.

"आबा, तुम्ही ग्रेट आहात!"

माझ्या पोटात असा जाळ उठला, की त्यावर आणखी एक पातेलं खळ शिजली असती!

दुसऱ्या डब्याच्या वेळी मी नातीला खेळायला पिटाळलं आणि दाराला लावून उरलेल्या व्हार्निशचे तीन हात त्याच्यावर मारले. डबा आरशासारखा झाला! पाणी दिवसभर जागचं हललं नाही. नातीने टाळ्या वाजवल्या. व्याह्यांनी डबा फिरवून पाहिला, हुंगला आणि म्हणाले, "कमाल केलीत, मास्तर."

"आता शेवटची परीक्षा," नात म्हणाली. "दोन्ही डबे कुंड्यांत पुरायचे आणि सहा आठवड्यांनी उकरायचे. कुजायला नकोत का?"

कुजायला! ते मी साफ विसरलो होतो!

सहा आठवडे मी त्या कुंडीची सेवा केली. शेणखत घातलं, कोमट पाणी घातलं. गांडुळं आणून सोडली. त्यांच्या पायाही पडलो असतो, पण पाय कुठे असतात त्यांना?

शेवटी नातीने उकरलं. व्याह्यांच्या कुंडीत चार काड्या उरल्या होत्या. माझ्या कुंडीतून अख्खा डबा निघाला, झाकणासकट! आत दोन गांडुळं निवांत पहुडली होती.

"आजोबा, ह्याला काय लावलंत?"

"व्हार्निश," मी कुंडीकडे बघत म्हणालो.

"वासावरून कळलं होतं मला," व्याही मिशीत हसले. "पण मास्तरांना कोण सांगणार!"

नातीने डब्यावरची माती झटकली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्हीपण चला. डबा घेऊन."

गेलो की! टेबलाच्या एका बाजूला व्याही, दुसऱ्या बाजूला मी. माझ्या डब्यावर नातीच्या अक्षरात चिठ्ठी होती, 'असं करू नये.' तो बघायला अख्खी शाळा लोटली. व्याह्यांच्या चार काड्यांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

ते मधूनमधून माझ्याकडे बघत होते. जळत असणार, दुसरं काय!