नोंद क्रमांक तीनशे

"कायदा मी कोळून प्यायलोय, मावशी," कलमकाका म्हणाले. "आपलं संग्रहालय बंद करायची कुणाची छाती होते, तेच बघतो."

हे ते खुर्चीत रेलून म्हणाले. सोमवारची गोष्ट. मंगळवारी त्याच खुर्चीत बसायची त्यांना चोरी झाली होती, पण तिथवर आपण येऊच.

कलमकाका म्हणजे गावातल्या छोट्या संग्रहालयाचे प्रमुख. प्रमुख तेच, कारकून तेच, आणि तिकीट मागायला कुणी आलंच तर तिकीट फाडणारेही तेच. खरं नाव हजेरीपुस्तकात असेल. गाव त्यांना कलमकाका म्हणायचं, कारण जगातल्या प्रत्येक गोष्टीला ते कायद्याचं कलम लावायचे. शेजाऱ्याचं कुत्रं भुंकलं, तर ते कोणत्या कलमाखाली भुंकलं हे त्यांना तोंडपाठ. संग्रहालय म्हणजे शाळेमागच्या दोन खोल्या. त्यांत दगडी दिवे, वजनं, मापं, गंजलेल्या तलवारी, आणि मधोमध पायानं चालवायचं एक जुनं छपाईयंत्र.

त्या यंत्रावर मावशींचा जीव होता. मावशी संग्रहालयाची झाडलोट करायच्या. त्यांचे वडील छापखान्यात जुळारी होते. शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे, एकेक उचलून ओळीत लावायचं काम ते जन्मभर करत आले. मावशी परकर नेसायच्या वयापासून त्यांच्या शेजारी बसून ते शिकल्या. दर बुधवारी कलमकाकांची बायको, शाळेत तिसरीला शिकवायची ती, आपला वर्ग घेऊन यायची. दर वेळी चार मुलं स्वतःच्या नावाचे खिळे जुळवायची, मावशी पायाखालची फळी दाबायच्या, आणि ओल्या शाईतलं आपलं नाव हाती आलं की ते पोर दिवसभर कुणाला हात लावू द्यायचं नाही. या बुधवारी वर्गातले शेवटचे चार उरले होते. त्यांत एक चष्मेवाली होती. तिचा नंबर दोनदा तापानं हुकला होता आणि एकदा शाई संपली म्हणून.

आणि नेमका आताच केंद्राचा नवा कायदा आला. शिक्षण आणि सांस्कृतिक संस्था अधिनियम. सगळ्या प्रांतांना सारखा लागू. त्यात म्हटलं होतं की ज्या संग्रहालयात तीनशेपेक्षा कमी नोंदलेल्या वस्तू असतील, ते बंद करावं आणि वस्तू राजधानीतल्या मोठ्या संग्रहालयात हलवाव्यात. कलमकाकांनी वस्तू मोजल्या. दोनशे त्रेसष्ट भरल्या. पुन्हा मोजल्या, तर एक दिवा दोनदा मोजला होता असं निघालं.

राजधानीत त्या यंत्राचं काय होणार, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. दोरीच्या आड उभं राहील आणि शेजारी पाटी लागेल, हात लावू नये. कलमकाका कायद्याचे माणूस खरे, पण बुधवारी पलीकडच्या खोलीत खिळे वाजायला लागले की हातातली फाइल मिटून दारात येऊन उभे राहायचे. ते यंत्र गेलं तर बुधवार जाणार होता, आणि बुधवार गेला की त्या दोन खोल्यांत उरतं काय?

"अडतीस वस्तू हव्यात," ते म्हणाले. "कायद्यात लिहिलंय, वस्तू पन्नास वर्षांपेक्षा जुनी असली की झालं. मावशी, या कचेरीत पन्नास वर्षांत नवं काय आलंय?"

मावशींनी चारी बाजूंना नजर फिरवली. "तुम्ही," त्या म्हणाल्या.

कलमकाकांनी ते ऐकलं नाही. ते यादी करायला बसले होते. टेबल, दोनशे त्रेसष्ट. खुर्ची, दोनशे चौसष्ट. खुर्चीवरची उशी वेगळी धरली. भिंतीवरचं घड्याळ, ते बंद असल्यामुळे जास्तच ऐतिहासिक. चहाची किटली, तिचं झाकण, बाक, शिडी, गोल चकतीचा टेलिफोन, पाण्याचा माठ, माठाखालची तिवई. दोनशे नव्व्याण्णवला दाराचं पितळी कुलूप आलं आणि तीनशेला त्याची किल्ली. दुपारी शाळेच्या संगणकावरून त्यांनी यादी केंद्राच्या संकेतस्थळावर चढवली. संध्याकाळी त्यांच्या मोबाइलवर प्रमाणपत्र आलं. कलमकाकांची छाती अशी फुगली की सदऱ्याचं वरचं बटण सोडावं लागलं. त्यांनी कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि शीळ घालत घरी गेले.

जेवताना बायकोनं मोबाइल हातात घेतला. "अहो, प्रमाणपत्राखाली अजून चोवीस पानं आहेत."

"सूचना असतील. वाच तू."

बायको वर्गात वाचते तशी ठणठणीत आवाजात वाचू लागली. "नोंदलेली वस्तू ही राष्ट्रीय वारसा समजली जाईल. केंद्राच्या लेखी परवानगीशिवाय तिचा वापर करता येणार नाही, तिला हात लावता येणार नाही, ती जागेवरून हलवता येणार नाही. परवानगीस नव्वद दिवस लागतील."

कलमकाकांचा घास हातातच राहिला.

"छपाईयंत्रसुद्धा?" त्यांनी विचारलं.

"नोंद क्रमांक एक," बायको म्हणाली.

मग कलमकाकांना खिशात काहीतरी टोचलं. त्यांनी दोन बोटांनी ते बाहेर काढलं आणि ताटाशेजारी ठेवलं. राष्ट्रीय वारसा, क्रमांक तीनशे, वापरून, हाताळून आणि वर घरी आणलेला.

"तीन गुन्हे," ते पडलेल्या आवाजात म्हणाले.

"किल्ली आहे ती. उद्या दार उघडा आणि कामाला लागा."

"माझ्याच हातानं कायदा मोडू?"

"मग नका उघडू."

"नाही उघडलं तर नववं कलम. संग्रहालय आठवड्यातून वीस तास उघडं नसेल तर मान्यता रद्द."

बायकोनं कपाळाला हात लावला आणि त्यांच्या ताटात भात वाढला. या माणसाशी वाद घालण्यापेक्षा त्याला जेवू घालणं सोपं, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच उमगलं होतं.

मंगळवारी सकाळी कलमकाका किल्ली हातरुमालात गुंडाळून आले आणि दारापाशी विचार करत राहिले. मग त्यांना आठवलं की खिडकीची नोंद केलेली नाही. शिडीची मात्र केली होती. शेवटी मावशींनी घरून पाट आणला, पाटावर बादली उपडी ठेवली आणि प्रमुखसाहेबांना मागून ढकलत आत घातलं. मावशी स्वतः मात्र एका उडीत आत आल्या.

आत आल्यावर कळलं की आत येऊन काही उपयोग नाही. खुर्चीत बसता येईना, टेबलावर लिहिता येईना, चहा करता येईना. कलमकाका भिंतीला पाठ टेकून उभे राहिले.

"माठातलं पाणी तरी पिऊ का?" मावशींनी विचारलं.

"पाणी नोंदलेलं नाही. पण माठ कलता करावा लागेल."

मावशींनी पदरानं कपाळ पुसलं. "मी अंगण झाडते. ते नोंदलं नसेल तर."

अकराच्या सुमारास टेलिफोन वाजला. महिनोन्महिने न वाजणारा टेलिफोन. दोघंही त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"उचला की," मावशी म्हणाल्या.

"दोनशे एकाहत्तर," कलमकाका म्हणाले.

टेलिफोन पंचवीस वेळा वाजला आणि थांबला. दहा मिनिटांनी शाळेचा शिपाई निरोप घेऊन आला. केंद्राच्या तपासनीस बाईंचा फोन शाळेत आला होता. संग्रहालयात कुणी फोन उचलत नाही, तेव्हा ते बंद पडलं असावं असं त्यांनी लिहून घेतलं होतं, आणि उद्या सकाळी त्या खात्री करायला येत होत्या.

आता कलमकाकांच्या तोंडचं पाणी पळालं. संग्रहालय वाचवायला म्हणून त्यांनी यादी केली, आणि त्या यादीनंच ते बंद पडायला आलं होतं. त्याहून वाईट म्हणजे, राजधानीतली जी दोरी त्यांना नको होती, ती त्यांनी स्वतःच इथे आणून बांधली होती. संध्याकाळी खिडकीतून उतरताना त्यांनी यंत्राकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहवलंच नाही.

बुधवारी दहा वाजता तिसरीचा वर्ग अंगणात रांगेत उभा राहिला. सगळ्यांत पुढे चष्मेवाली. कलमकाका वर्गाच्या आधी पोचायचं म्हणून घाईनं खिडकीत चढले होते, आणि घाई नडली. पट्ट्याचं बक्कल चौकटीच्या खिळ्यात अडकलं. डोकं आणि हात संग्रहालयात, बाकीचे कलमकाका गावात. मावशी आतून ओढत होत्या, बायको बाहेरून ढकलत होती, आणि वर्ग एका सुरात आकडे मोजत होता.

"इथले प्रमुख कुठे भेटतील?" मागून कुणीतरी विचारलं.

"हे काय," बायको म्हणाली, "एवढे बाहेर आहेत. उरलेले आत."

तपासनीस बाई बारीक चणीच्या, करड्या केसांच्या, काखेत जाड फाइल. त्यांनी दाराचं कुलूप पाहिलं, खिडकी पाहिली, फाइल बायकोच्या हाती दिली आणि बक्कल सोडवलं. कलमकाका आत कोसळले. बाई फाइल परत घेऊन पाटावर आणि बादलीवर पाय ठेवत त्यांच्या मागोमाग खिडकीतून आल्या.

"दार का उघडत नाही?"

कलमकाकांनी रुमाल उलगडला. "क्रमांक तीनशे, मॅडम."

बाईंनी यादी काढली. शेवटचं पान वाचलं. मग खोलीतून हळूहळू फिरल्या. किटलीपाशी थांबल्या, झाकणापाशी थांबल्या, उशीकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"कायदा वाचलात तुम्ही?"

"कोळून प्यायलोय," कलमकाका म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

"पूर्ण?"

"संग्रहालयाचा भाग पूर्ण. पुढचा शिक्षणाचा आहे ना, तो शाळांसाठी."

"कायद्याचं नाव काय?"

कलमकाकांनी नाव सांगितलं, आणि सांगता सांगता त्यांचे कान लाल झाले. शिक्षण हा शब्द तर नावात पहिलाच होता.

बाईंनी फाइलमधलं पान उघडून खिडकीच्या कठड्यावर ठेवलं. संग्रहालयातल्या वस्तूंवर मुलांना काही शिकवलं जात असेल, तर त्या शिक्षणसंग्रहात धराव्यात. अशा वस्तू वापरायला मुभा आहे. नुसती मुभा नाही, आठवड्यातून एकदा वापरल्याच पाहिजेत. आणि ज्या संस्थेत शिक्षणसंग्रह आहे, तिला तीनशेची अट नाही. शंभर वस्तू पुरतात.

"शंभर," कलमकाका म्हणाले.

"म्हणजे किटली नसती तरी चाललं असतं," बाई म्हणाल्या. त्यांनी पेन काढलं आणि यादीतल्या शेवटच्या अडतीस ओळींवर एकच लांब रेघ मारली. "यादी नवी आहे, दुरुस्ती माझ्या अधिकारात येते. आता दार उघडा. आणि कृपा करून बसा."

कलमकाका बसले. त्यांचे डोळे भरून आले होते; ते त्यांनी किल्लीच्याच रुमालानं पुसले. मावशींनी किल्ली खिडकीतून बायकोकडे दिली, आणि तिनं दार उघडताच वर्ग आत घुसला आणि यंत्राभोवती कोंडाळं करून उभा राहिला.

"एक रकाना राहिला," बाई म्हणाल्या. "शिक्षणसंग्रहाला प्रमुख लागतो. त्या वस्तूवर दहा वर्षं काम केलेला माणूस. त्याच्याकडून शिकल्याशिवाय इतर कुणी वस्तूला हात लावायचा नाही. काय नाव लिहू?"

कलमकाकांनी घसा साफ केला आणि सदऱ्याचं वरचं बटण लावलं. पण बाई त्यांच्याकडे पाहत नव्हत्या. "मुलांनो, खिळे जुळवायला कोण शिकवतं तुम्हाला?"

सगळ्या वर्गानं मावशींकडे बोट दाखवलं. मावशींनी हातातला झाडू मागे लपवला.

"साहेब आहेत ना," त्या म्हणाल्या.

कलमकाकांना वाटलं, हो म्हणावं. मग त्यांनी मान हलवली. "नाही मॅडम. मी फक्त दारात उभा राहून बघतो. मावशींचं नाव लिहा."

मावशींनी रकान्यासमोर सही केली. अक्षरं छापल्यासारखी.

बाई गेल्या आणि नावं छापायला सुरुवात झाली. चष्मेवालीनं खिळे लावले, मावशींनी फळी दाबली, आणि तिनं आपलं नाव दोन्ही हातांत धरून चष्म्याजवळ नेलं. मग बाकीच्या तिघांची नावं झाली. खिळे वाजत होते, तरी कलमकाका आज दारात नव्हते. ते बाकाच्या टोकाला, मुलांच्या रांगेत शेवटचे बसले होते. कायद्यानं शिकल्याशिवाय त्यांना हात लावता येत नव्हता, आणि हात तर आता त्यांना लावायचाच होता.

मावशींनी त्यांना काना जोडलेले मोठे खिळे दिले आणि काय करायचं ते सांगितलं. कलमकाकांनी अर्धं ऐकलं. "कळलं, कळलं," म्हणत त्यांनी झपाझप खिळे लावले, आपल्याला सरळ वाचता यावं असे. खिळ्यांची ओळ कागदावर आरशातल्यासारखी उलटी उमटते, म्हणून खिळे डोक्यावर उभे करून लावायचे असतात, हे तिसरीच्या वर्गाला माहीत होतं. तिसरीचा वर्ग श्वास रोखून गप्प बसला.

मावशींनीही काही न बोलता फळी दाबली. कागद बाहेर आला. त्यावर सुबक, ठळक अक्षरांत छापलं होतं, काकामलक.

कुणी हसलं नाही. चष्मेवाली बाकावरून सरकत त्यांच्याजवळ आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं. पुढच्या बुधवारी या."