आबांचा ओरिजनल व्हिडिओ गेम

नसरापुरात कुणाचाही मेलेला टीव्ही माझ्या दुकानात आला की बोलायला लागतो. हे मी स्वतःच्याच तोंडाने सांगतोय, कारण घरात कुणी सांगत नाही!

बायकोचा, म्हणजे वर्षाराणीचा, लहानपणीचा टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम कपाटात बंद पडून होता. तिचे वडील हैबतीआबा वेल्ह्याकडचे मेंढपाळ. ती सहावीत असताना त्यांनी सारोळ्यात एका शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली आणि धान्याऐवजी लेकीसाठी हा गेम मागून आणला. आता पानशेतच्या एका हॉटेलवाल्यांना असे जुने गेम जमवायचा नाद. ते रविवारी बघायला येणार होते. त्यांच्या काचेच्या कपाटात गेमखाली आबांच्या नावाची चिठ्ठी लागावी, एवढीच वर्षाराणीची इच्छा.

म्हटलं, बंद गेम काय दाखवायचा? शनिवारी ती भोरला गेली आणि मी कामाला लागलो. बोर्ड बदलला, वायरी बदलल्या, बटणं बदलली, वरून झकास काळा रंग मारला. मूळचे चार स्क्रू तेवढे उरले, त्यातले दोन माझ्याच हातून हरवले!

रविवारी पाहुण्यांनी गेम उचलला, तर बोटं काळी झाली. यात जुनं काय काय आहे, असं त्यांनी विचारलं. मी स्क्रू दाखवले. थोडी दुरुस्ती चालते हो, पण सगळंच बदललं तर ओरिजनल कसं म्हणायचं, असं हळूच सांगून, चहा पिऊन ते निघून गेले.

वर्षाराणीने एवढंच विचारलं, "आबांनी लोकर गुंडाळलेली वायर कुठंय?"

ती घंटागाडीत गेली होती.

दोन दिवस अबोला. मीठ मागितलं की बरणी यायची, शब्द यायचा नाही. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. चकाचक करण्याच्या नादात मी तिच्या बापाचा हातच पुसून टाकला होता.

तिसऱ्या दिवशी तिची समजूत घालायला थेट आबांनाच घेऊन आलो. सगळं ऐकून आबा हसायला लागले.

"अगं, चालू असता तर त्यो शेतकरी देतोय व्हय? बंदच व्हता. म्या भोरला न्हेऊन आतलं समदं बदलून घेतलं, मग तुज्या हातात दिला."

"मग मला सांगितलं का न्हाई?"

"तू त्यो उराशी धरून झोपलीस. मंग कवा सांगू?"

वर्षाराणीने डोळे पुसले, गेम टीव्हीला जोडला आणि एक रिमोट आबांच्या हातात दिला. मेंढरांमागे फिरण्यात आबा लेकीबरोबर कधी खेळलेच नव्हते. पडद्यावर त्यांची गाडी सारखी आपटायची आणि दोघं पोट धरून हसायची. मीही पाट ओढून जवळ बसलो. मला वाटलं, आपण सुटलो.

तेवढ्यात चित्र गेलं. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन पुढे सरसावलो.

"तुमी बसा," वर्षाराणी म्हणाली. "आबा बघतील."

आबांनी गेमला एक चापट मारली. आलं हो चित्र!