फोटोतली मोकळी जागा

मुलाणी सर कुत्र्याला भीत, सायकलीला भीत, विजेच्या बटणाला भीत आणि हेडमास्तरांना तर त्यांच्या रिकाम्या खुर्चीसकट भीत. पण पाचवीच्या वर्गात हजेरी घेताना गैरहजर मुलाचं नाव आलं, की हा भित्रा माणूस पुढच्या नावावर जायला तयार नसे. दाराकडे बघत थांबे. मी समोरच्या ऑफिसातून घड्याळ लावून पाहिलंय : दर नावाला दहा सेकंद.

"सर, त्यो आला न्हाय," पोरं ओरडत.

"येईल की. वाटंत असंल."

उचगावच्या त्या शाळेत मी क्लार्क होतो. सर मायेपोटी खोटी हजेरी मांडतील आणि तपासणीत मी अडकेन, अशी मला धास्ती. दर महिन्याला त्यांचा हजेरीचा कॅटलॉग मी दोनदा मोजे. एकही खोटी खूण सापडली नाही.

आणीबाणी लागायच्या आदल्या वर्षी, मार्चअखेर वर्गांचे फोटो होते. पाचवीच्या पटावर अठ्ठेचाळीस, हजर बेचाळीस. कोल्हापूरहून आलेल्या फोटोग्राफरनं काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं.

"सर, पोरं जवळ घ्या की. मधनं म्हस जाईल एवढ्या फटी हायत."

"फटी न्हाईत. तिथं माणसं हायत."

"कुठं?"

"गैरहजर हायत."

फोटो तसाच निघाला. तो हेडमास्तरांच्या टेबलावर आला, तेव्हा सरांना बोलावणं गेलं. कुत्र्यांसाठी ते बारा महिने छत्री बाळगत. त्या छत्रीचं टोक फरशीवर टकटक वाजायला लागलं.

"हे काय, मुलाणी? दात पडल्यासारखा वर्ग! ही सुमीच्या शेजारची जागा कुणाची?"

"आक्काताईची, साहेब."

"दीड महिना फिरकली नाही ती! शनिवारी हजेरीला आली नाही, तर नाव कमी करा."

नाव कमी करायची लाल शाई माझ्या टेबलावर होती. नाव गेलं की वार्षिक परीक्षा गेली. मग बाप तिला पुन्हा शाळेत घालणार नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. टकटक वाढली, पण सर म्हणाले, "येईल की."

शुक्रवारी सर माझ्या टेबलाशी आले. "भाऊसाहेब, आक्काताईच्या मळ्यात येता? तिथं दोन कुत्री हायत."

ती दोन्ही बांधावरच भेटली. सर माझ्या पाठीशी. "तुमी म्होरं व्हा. तुमी संसारी माणूस, तुमास्नी न्हाय चावायची. माझ्यासारखा एकटा बघितला की त्यांस्नी चेव येतो."

आक्काताई आम्हाला बघून गोठ्याआड पळाली. कडेवर धाकटा भाऊ. तिची आई भांगलणीला गेली होती. पोरगी सरांपेक्षा जास्त भ्यालेली.

"मी न्हाय यायची. माझ्या जागंवर दुसरी बसली असंल."

सरांनी पिशवीतून फोटो काढला. "ही कोण?"

"सुमी."

"आणि ही तुझी जागा."

पोरगी बराच वेळ बघत राहिली. "मग मी दिसत का न्हाय?"

"तू हललीस," सर गंभीरपणे म्हणाले. "उद्या ये, आणि हलू नगंस. धाकट्याला बी आण."

परतताना मी विचारलं, "सर, तुम्हाला एवढी भीती वाटते, मग हा उद्योग कशाला?"

"चौथीत असताना टायफॉइडनं तीन महिने घरी होतो, भाऊसाहेब. परत गेलो, तर बाकावर कुणी सरकलंच न्हाय. परीक्षेपतूर दाराशी बसलो. कुत्री-बित्री काय, त्यांची भीती पळालं की जाती."

शनिवारची सकाळची शाळा. मी रजिस्टर आणि लाल शाईची दौत घेऊन पाचवीच्या दाराबाहेर उभा.

"आक्काताई."

दहा सेकंद झाले. वीस झाले. छत्रीची टकटक सुरू झाली. पोरंही दाराकडे बघायला लागली. एक मिनिट झालं, तेव्हा हेडमास्तर व्हरांड्यात आले. सरांनी त्यांना पाहिलं. एरवी त्यांची मान खाली जाई. आज नजर दारावरून हलली नाही.

"मुलाणी, पुढचं नाव घ्या."

"वाटंत हाय, साहेब."

हेडमास्तरांनी माझ्याकडे बघितलं. एक मिनिट चाळीस सेकंदांना मी घड्याळ खिशात घातलं आणि दौतीला बूच लावलं. जन्मात मी मोजणी अर्धी सोडली ती तेवढीच.

फाटकातून ती धापा टाकत आली. कडेवर धाकटा, दप्तर त्याच्याच गळ्यात. दारात थबकली. आत यायला धीर होईना.

सुमी न सांगता बाकावर सरकली.

"हाजर," आक्काताई म्हणाली.

टकटक थांबली. सरांनी पुढचं नाव घेतलं नाही. पाठ फिरवून ते फळा पुसायला लागले. फळ्यावर अजून काही लिहिलेलंच नव्हतं.